वाई : कृष्णाकाठच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या सुरूर फाट्याला वळतात, वाईच्या बाजारातून वाट काढतात आणि पसरणीचा घाट चढायला लागतात. घाटातल्या एखाद्या वळणावर लोक उतरतात, खाली पाहतात. शेतांचे चौकोन, मधून गेलेली कृष्णा, तिच्या काठाला चिकटलेलं गाव. फोटो काढतात आणि वर निघून जातात. मी या गावात वाढले. पाहुण्यांना घाट दाखवायचं काम घरात बहुतेक वेळा माझ्याकडेच असायचं, त्यामुळे पुढचे प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकलेले आहेत. उत्तरं देताना एकच इच्छा आहे, की पुढच्या वेळी तुम्ही गाडी वाईत थांबवावी आणि पायऱ्या उतरून नदीपर्यंत जावं. वाई नदीकडे तोंड करून वसली आहे, ती बाजारातून दिसत नाही.

वाई नेमकी कुठे आहे? कसं यायचं?

सातारा जिल्ह्यात, तालुक्याचं गाव. पुण्याहून साधारण ८५ ते ९० किलोमीटर, साताऱ्याहून ३५. पुणे-बंगळूर महामार्गाने खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाटा लागतो, तिथून आत दहा-अकरा किलोमीटर. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणारी एसटी वाईवरूनच जाते. रेल्वेने यायचं तर सातारा किंवा वाठार, पण तिथून पुढे पुन्हा रस्ताच, म्हणून पुण्यामुंबईचे लोक सहसा एसटी किंवा स्वतःची गाडी पसंत करतात. आसपासच्या गावांना जायला वडाप, म्हणजे माणसामागे पैसे घेणारी जीप, मिळतं. पाचगणी वर १२ किलोमीटर, महाबळेश्वर बत्तीसएक.

वाईला 'दक्षिण काशी' का म्हणतात?

नदी, तिच्यावर ओळीने घाट, घाटांवर देवळं आणि गावात वेदशास्त्रं शिकवणाऱ्यांची घरं. काशीची ही खूण वाईत लहान प्रमाणात, पण पुरेपूर होती. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि डोंगर सोडून मोकळ्यावर आल्यावर तिच्या काठचं पहिलं मोठं गाव वाईच. त्यामुळे उगमाजवळची नदी म्हणून तिच्या पाण्याला मान मोठा.

हीच महाभारतातली विराटनगरी, पांडव अज्ञातवासात इथेच राहिले, असंही गावात सांगतात. पांडवगड, वैराटगड ही आसपासच्या किल्ल्यांची नावं त्या कथेशी जोडली जातात. ही श्रद्धेची गोष्ट आहे. तिला इतिहासाचा पुरावा मागू नये आणि तिला इतिहास म्हणूनही सांगू नये. देशात इतर गावंही विराटनगरी म्हणवतात. वाईचा लिखित इतिहास इतका भरलेला आहे की त्या कथेवाचून काही अडत नाही.

मग लिखित इतिहास काय सांगतो?

वाई हे आधी लष्करी आणि महसुली ठाणं होतं, देवळांचं गाव ते नंतर झालं. आदिलशाहीत वाईचा परगणा महत्त्वाचा होता. पश्चिमेला जावळीचं रान आणि कोकणात उतरणारे घाट, पूर्वेला मोकळा मुलूख, मध्ये वाई. अफझलखानाकडे वाईची सुभेदारी होती, त्यामुळे हा मुलूख त्याच्या माहितीतला. १६५९ मध्ये तो शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा त्याने तळ दिला तो वाईत. महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ बोलणी करायला आले तेही इथेच. पुढे १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. खान वाईहून निघाला तो परत आला नाही, आणि वाई स्वराज्यात आली.

दुसरी घटना त्या मानाने फार कमी जणांना ठाऊक असते. १६८७ मध्ये, संभाजी महाराजांच्या काळात, वाईजवळ मोगलांकडून आलेल्या सर्जाखानाशी मराठ्यांची लढाई झाली. लढाई मराठ्यांनी जिंकली, पण सरसेनापती हंबीरराव मोहिते तोफगोळा लागून पडले. प्रतापगडाला जाताना वाईतून जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आज दिसणारी वाई मात्र पेशवाईतली, आणि ती मुख्यतः रास्ते घराण्याने उभी केलेली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या. म्हणजे विश्वासराव, थोरले माधवराव आणि नारायणराव यांचं आजोळ हे घराणं. सरदारकी आली, पैसा आला, आणि तो घाटांच्या दगडांत उतरला. १७५० नंतरच्या तीसेक वर्षांत एकामागून एक देवळं उठली. १८१८ ला पेशवाई गेली, वाई साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात राहिली, आणि १८४८ मध्ये ते राज्य कंपनी सरकारने खालसा केलं. नगरपालिका १८५५ ची, म्हणजे राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या छत्तीस हजारांच्या आसपास होती.

ढोल्या गणपतीचं देऊळ नदीच्या इतकं जवळ का बांधलं? पुरात जात कसं नाही?

सगळ्यांत आवडता प्रश्न, कारण उत्तर देवळाच्या पाठीमागे जाऊन दाखवता येतं.

हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. अगदी घाटावर, म्हणजे पुराच्या तोंडीच. म्हणून बांधणाऱ्यांनी गाभाऱ्याची मागची भिंत सपाट ठेवली नाही. तिला माशासारखा आकार दिला, निमुळती धार पुढे आणि दोन्ही बाजूंना फुगीर होत गेलेली. पुराचं पाणी त्या धारेवर आपटलं की दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. सपाट भिंतीवर जो सगळा दाब एका जागी आला असता तो वाटला जातो. नावेची नाळ पाणी कापते तसंच, फरक इतकाच की इथे नाव जागच्या जागी आहे आणि नदी चालते आहे. अडीचशेहून जास्त पावसाळे या भिंतीने काढले आहेत. मोठा पूर आला की पाणी देवळात शिरतं, मूर्तीपर्यंत पोहोचतं, दोन दिवसांनी गाळ काढून धुऊन पुन्हा पूजा सुरू होते.

दर्शन घेऊन समोरच्या समोर परत जाऊ नका. घाटावरून वळसा घालून मागे या, भिंतीला हात लावून बघा. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी विचारा की भिंत अशी का असेल. बहुतेक मुलं बरोबर ओळखतात.

आतली मूर्ती एकाच दगडातली, बैठी, अंगाने भरदार. म्हणून 'ढोल्या'. हे नाव लाडाने घेतलेलं आहे, त्यात अनादर काहीच नाही. औपचारिक नाव महागणपती. शिखर साधारण २४ मीटर उंच आहे आणि लांबून वाई ओळखायची ती याच शिखरावरून.

बाकीची देवळं बघण्यासारखी आहेत का?

काशी विश्वेश्वराचं तर नक्कीच. गणपतीच्या अगदी जवळ आहे आणि त्याहून पाच वर्षं जुनं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. समोरचा नंदी काळ्या दगडाचा, असा गुळगुळीत घोटलेला की गळ्यातल्या घुंगुरमाळेचा एकेक मणी मोजावा. दीपमाळा आहेत. गणपतीला गर्दी असते तेव्हाही इथे बहुधा शांतता असते. ओवरीत पाय पसरून बसा, कोणी उठवत नाही. याशिवाय महालक्ष्मी, विष्णू आणि गल्लीबोळांतली कितीतरी लहान देवळं आहेत. त्यांची यादी करून धावण्यापेक्षा घाटावरून चालत राहावं, ती आपणच भेटतात.

घाट किती आहेत? नावं काय?

उत्सवाच्या हिशेबाने सात आळ्या, आणि प्रत्येक आळीचा घाट: भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. वाईत कोणाचा पत्ता विचारला तर आधी आळी सांगतात. गाव असं नदीवरून मोजलं जातं.

सकाळी लवकर गेलात तर पायऱ्यांवर स्नानसंध्या करणारे, पाणी भरणारे, देवाची भांडी घासणाऱ्या बायका भेटतील. संध्याकाळी तिथेच पोरं खेळत असतात आणि म्हातारी माणसं गप्पांना बसलेली असतात. दुपार टाळा, दगड तापतात.

कृष्णाबाईचा उत्सव म्हणजे काय? बाहेरच्या माणसाने आलेलं चालतं का?

चालतं काय, आलंच पाहिजे.

वाईत नदीला नुसतं कृष्णा क्वचितच म्हणतात. ती कृष्णाबाई किंवा कृष्णामाई. माघापासून चैत्राच्या सुमारापर्यंत, एकेका आळीने ठरलेल्या दिवसांत तिचा उत्सव करायचा असतो. घाटावर मांडव पडतो. त्या आळीची कृष्णाबाईची मूर्ती वाजतगाजत मांडवात येते आणि काही दिवस तिथेच राहते. रोज पूजा, आरती, संध्याकाळी कीर्तन, रात्री गाणं किंवा व्याख्यान, एक दिवस बायकांचं हळदीकुंकू, एक दिवस सगळ्या गावाला प्रसादाचं जेवण. शेवटी छबिना निघतो आणि देवी आपल्या घरी परत जाते. मग पुढच्या आळीचा मांडव. पाण्याची पूजा पाण्याच्या काठावर, असा साधा हिशेब.

उत्सवाची सुरुवात कशी झाली त्याची आठवण परंपरेने जपली आहे. खान वाईत तळ देऊन बसला होता तेव्हा गावातल्या शेंडे शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला: महाराजांवरचं संकट टळू दे, तुझा उत्सव करू. संकट टळलं, आणि नवस फेडायला सुरुवात झाली ती अजून चालू आहे. ज्या गावावर शत्रूचा तळ पडला होता तिथल्या माणसांनी उघडपणे काही करण्याची सोय नव्हती. त्यांनी नदीला गाऱ्हाणं घातलं. मला ही आठवण फार मोलाची वाटते.

कोणत्या आळीचा उत्सव कधी हे तिथीवर असतं, म्हणून येण्याआधी कोणा वाईकराला विचारा. मांडवात शिरताना चपला बाहेर काढा, आणि जेवायला बसा म्हटलं तर खरंच बसा.

मेणवलीचा वाडा वाईतच आहे का? आणि ती पोर्तुगीज घंटा?

मेणवली हे वेगळं गाव, वाईपासून तीन किलोमीटरवर, नदीच्या वरच्या अंगाला. पाय चांगले असतील तर चालत जा. १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नाना फडणवीसांना दिलं. नानांनी इथे वाडा बांधला, नदीवर घाट बांधला, घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ बांधलं.

वाडा सहा चौकी आहे. बाहेरून जाड भिंती आणि बुरूज, आत एकातून दुसऱ्यात उघडणारे चौक, सागवानी खांब, काही भिंतींवर जुनी चित्रं. पेशवाईचा कारभार ज्या माणसाच्या हातून चालला त्याचे कागद इथे जपले गेले. इतिहासाच्या अभ्यासकांना 'मेणवली दप्तर' हे नाव परिचयाचं आहे, आणि त्या कागदांना उजेडात आणण्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांचा मोठा वाटा. वाडा खासगी मालकीचा आहे. आत सोडतात त्या वेळेतच जा, आणि लाकडावर नावं कोरणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा.

वाड्याच्या मागच्या दारातून उतरलं की घाट. चंद्रकोरीसारखा वळलेला, पायऱ्या थेट पाण्यात. माझ्या मते वाईच्या परिसरातली सगळ्यांत सुंदर जागा हीच. घंटा इथेच आहे, देवळाजवळच्या लहानशा दगडी मंडपात टांगलेली. जवळ जाऊन बघा: घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि १७०७ हे साल आहे. ही वसईच्या चर्चमधली घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवळांत लागल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा या तिच्याच बहिणी. मेणेश्वराच्या दारात अडीचशे वर्षं मेरी आहे आणि कोणी ती घासून टाकलेली नाही, हे प्रत्येक पाहुण्याला मी आवर्जून दाखवते.

सिनेमात दिसतो तो घाट हाच का?

हो. 'स्वदेस'मधलं गाव म्हणून जे दिसतं त्यातला मोठा भाग मेणवलीचा आहे. हिंदी सिनेमावाल्यांना उत्तरेतलं नदीकाठचं गाव हवं असलं की ते वर्षानुवर्षं वाईत येतात. चित्रीकरण चालू असेल तर घाटाचा काही भाग बंद असू शकतो.

धोमला काय आहे? नुसतं धरण ना?

धरण आहेच. कृष्णेवरचं हे पहिलं मोठं धरण, साधारण साडेतेरा टीएमसी साठ्याचं, १९७० च्या दशकातलं. (त्याच्याही वर आता बलकवडीचं धरण आहे.) पण धोम गाव जुनं, धौम्य ऋषींच्या नावाचं. तिथल्या नरसिंहाच्या देवळाच्या आवारात महादेवाचं देऊळ आहे आणि त्याच्या समोरचा नंदी बघायला लोक लांबून येतात. दगडी कासवाच्या पाठीवर नंदी, आणि त्याच्या भोवती कमळाच्या पाकळ्यांसारखं घडवलेलं कुंड. कुंडात पाणी असतं तेव्हा कासव नंदीला घेऊन पोहत चालल्यासारखं दिसतं. वाईपासून आठएक किलोमीटर. वाटेत भोगावला यथार्थदीपिकाकार वामन पंडितांची समाधी आहे. शाळेत त्यांचे श्लोक पाठ केलेल्यांनी तिथे दोन मिनिटं थांबावं.

इतक्या लहान गावात मराठी विश्वकोश कसा आला?

याचं उत्तर लांब आहे, आणि मला ते देवळांच्या गोष्टीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाईत नारायणशास्त्री मराठे नावाचे विद्वान होते, पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती. त्यांनी प्राज्ञपाठशाळा चालवली. संस्कृत शास्त्रं जुन्या पद्धतीने, पण मोकळ्या मनाने शिकवायची. विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन १९१७ मध्ये उपनिषदं आणि शांकरभाष्य शिकायला त्यांच्याकडे आले. विनोबांनी वाईत विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं, वाचनालय सुरू केलं आणि त्याच्या खर्चासाठी सोबत्यांना घेऊन जात्यावर लोकांचं धान्य दळून दिलं.

त्याच पाठशाळेत खानदेशातल्या पिंपळनेरहून एक मुलगा आला होता, लक्ष्मण जोशी, जन्म १९०१. पुढे कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळवून तो वाईला परतला आणि आयुष्यभर वाईचाच राहिला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धर्मशास्त्राचे पंडित, आणि त्याच शास्त्राच्या आधाराने अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिलेले. १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, त्याचं पौरोहित्य त्यांनी केलं. साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार, १९५५ सालचा, त्यांच्याच ग्रंथाला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठीत सर्व विषयांचा ज्ञानकोश करायचं ठरलं आणि ते काम शास्त्रीबुवांकडे आलं. ते मुंबईला गेले नाहीत, काम वाईला आलं. गंगापुरीत कार्यालय थाटलं गेलं. भौतिकशास्त्रापासून संगीतापर्यंतच्या नोंदी देशभरातल्या तज्ज्ञांकडून पोस्टाने यायच्या, इथे तपासल्या जायच्या, मराठी पारिभाषिक शब्द घडवले जायचे. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि वीस खंडांची ही माळ पुढे चाळीसएक वर्षं चालली. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले, काम थांबलं नाही. आज विश्वकोश संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. गंगापुरीतून जाताना ती इमारत बघून घ्या. मराठीत 'अणुभट्टी' वाचताना आपण अडखळत नाही, यामागे अशा गावांतल्या टेबलांवर झालेली मेहनत आहे.

वाईत दर उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला होते. मे महिन्यात मुक्काम असेल तर एखादी संध्याकाळ तिथे काढा.

बावधनचं बगाड बघायचं आहे. कधी असतं?

रंगपंचमीला, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला. बावधन वाईपासून जवळच. भैरवनाथाचं बगाड, म्हणजे उंच शिडाचा लाकडी गाडा, कृष्णाकाठच्या सोनेश्वरावरून निघतं आणि खिल्लार बैलांच्या जोड्या ते शेतांतून ओढत गावात आणतात. कौल मिळालेला बगाड्या उंच शिडाला टांगलेला असतो. ढेकळांच्या रानातून ते अवजड लाकडी धूड हलतं तेव्हा हजारो माणसांचा 'काशिनाथाचं चांगभलं' ऐकू येतो, अंगावर काटा येतो. बैलांच्या वाटेत उभं राहू नका आणि गाडी गावाबाहेर लांब लावा.

मांढरदेवला जावं का?

काळूबाईचं ठाणं वाईपासून वीसएक किलोमीटरवर, डोंगरावर. एरवी अवश्य जा. पौष पौर्णिमेच्या यात्रेत लहान मुलं आणि वृद्ध बरोबर असतील तर जाऊ नका. २५ जानेवारी २००५ च्या चेंगराचेंगरीत इथे तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर व्यवस्था बदलली, तरी त्या दिवसाची गर्दी अफाटच असते.

किल्ले, लेणी यांपैकी काय करता येईल?

पांडवगड गावाच्या डोक्यावरच आहे, शिलाहार दुसऱ्या भोजाच्या नावाशी जोडलेला. अर्ध्या दिवसात होतो. धोमच्या पाण्यापलीकडचा कमळगड मात्र माझा लाडका. नांदगणे गावाकडून रानातून चढायचं, आणि वर खडकात खोल कोरलेली गेरूची विहीर. पायऱ्या उतरत गेलं की भिंती लालभडक होत जातात आणि ऐन उन्हाळ्यात गारवा लागतो. केंजळगड, वैराटगड, चंदन-वंदन हे पुढचे. लोहाऱ्याजवळ बौद्ध लेणी आहेत, तिथल्या स्तूपाची आज पालपेश्वर महादेव म्हणून पूजा होते.

शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव घाटाच्या पायथ्याशीच आहे.

नदीत उतरता येतं का? पोहता येतं का?

पाय बुडवायला उतरा. पोहायला, गावातली माहीतगार माणसं बरोबर नसतील तर नाही. पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि पाण्याखाली डोह आहेत. पावसाळ्यात धोममधून पाणी सोडलं की पातळी झपाट्याने वाढते. भोंगा किंवा सूचना ऐकू आली तर लगेच वर या.

आणि एक विनंती. नदीची आजची अवस्था पाहून काही पाहुणे विचारतात, एवढं पवित्र पाणी आणि असं? त्यांचं चुकत नाही. गावाचं सांडपाणी, धरणामुळे मंदावलेला उन्हाळी प्रवाह, निर्माल्य आणि प्लॅस्टिक, या सगळ्याने कृष्णा दमली आहे. गावातली माणसं घाट झाडतात, जलपर्णी काढतात, पण तेवढ्याने पुरत नाही. तुम्ही येताना फुलांची पिशवी आणली तर ती पाण्यात सोडू नका. निर्माल्यासाठी ठेवलेल्या कलशात टाका, नाहीतर घरी न्या. साबण लावून आंघोळ आणि कपडे धुणं नको. एवढं प्रत्येकाने पाळलं तरी पायरीशी पाणी ओळखता येईल इतकं बदलेल.

किती वेळ हवा, आणि कोणत्या ऋतूत यावं?

एक पूर्ण दिवस आणि एक रात्र. सकाळी घाट आणि देवळं, ऊन चढल्यावर वाडा, दुपारी जेवून विश्रांती, उतरत्या उन्हात धोम, आणि रात्र गावात काढून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा घाट. पहाटेचा घाट बघितल्याशिवाय जाऊ नये, म्हणूनच रात्र म्हणते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा छान असते. उत्सव बघायचा तर फेब्रुवारी-मार्च. पावसाळ्यात वर महाबळेश्वरला कोसळतो तसा इथे कोसळत नाही, तीस किलोमीटरच्या आत पाऊस कित्येक पटींनी उतरतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये खोरं हिरवंगार असतं आणि फिरताही येतं, फक्त नदीपासून अंतर राखायचं.

आईवडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना झेपेल का?

गणपती आणि काशी विश्वेश्वर झेपेल. घाटाच्या खालच्या पायऱ्या उंच आहेत, वरच्याच टप्प्यावर बसवा, तिथूनही नदी छान दिसते. मेणवलीला वाड्यातून उतरण्यापेक्षा घाटाकडे जाणारी दुसरी वाट विचारून घ्या.

परत जाताना वाईहून काय न्यावं?

हळद. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हळदीचं पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं. जानेवारीनंतर आलात तर रस्त्याकडेला काहिलीत किंवा कुकरमध्ये कंद शिजताना दिसतील, वाफेचा ओला उग्र वास लांबूनच येतो. मग पंधरवडाभर उन्हात वाळवण, मग ड्रममध्ये घोळून पॉलिश. 'वायगाव' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेली हळद वेगळी, ती वर्धा जिल्ह्यातली. दुकानदाराने दोन्ही नावं एकत्र केली तर फसू नका. दळलेली पूड घेण्यापेक्षा हळकुंडं घ्या. मोडून बघा: आतून गर्द नारिंगी-पिवळं आणि मोडताना टणक आवाज आला की माल चांगला वाळलेला. घरी गेल्यावर थोडी थोडी दळा, डबा उघडल्यावर तो वास येत राहतो.